गाडी २०१९च्या ऑगस्टमध्ये कुठं होती?

जुनी गाडी बघायला गेलं की सगळे आधी किलोमीटर विचारतात. किती पळालीय, कितव्या हातातली आहे, एव्हरेज काय देते. सांगलीत गाडी घेणाऱ्यानं या सगळ्याच्या आधी एक प्रश्न विचारावा, असं माझं आता ठाम मत झालंय. २०१९च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कुठं उभी होती?

आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, शामरावनगर, सांगलीवाडी, भागच्या भाग पाण्यात होते. माणसं नावेतून बाहेर काढायची, जनावरं वाचवायची, त्या धांदलीत दारातल्या गाड्या कोण हलवणार? पुढं २०२१च्या जुलैत पाणी परत ५४ फुटांच्या पुढं गेलं. त्या बुडालेल्या गाड्या कुठं गेल्या? काही खरंच भंगारात गेल्या. काहींचा विमा टोटल लॉसमध्ये, म्हणजे दुरुस्ती परवडणार नाही असं धरून निघाला, गाड्या लिलावात गेल्या आणि घेणाऱ्यानं धुऊन, सुकवून, नवीन सीट कव्हर घालून परत रस्त्यावर आणल्या. काही तर मालकांनीच कशाबशा चालू करून विकून टाकल्या. आज त्याच गाड्या चार नवीन टायर आणि पॉलिश घेऊन उन्हात चमकत उभ्या असतात.

मला गाडी हवी होती कामासाठी. मी द्राक्षबागांना सल्ला देते. ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत तासगाव, मणेराजुरी, कवठेमहांकाळ, पलूस असं रोजचं फिरणं. महिन्याचं रनिंग दोन हजार किलोमीटरच्या खाली येत नाही. एवढं फिरणं असेल तरच जुन्या डिझेलच्या वाटेला जावं, हे आधीच सांगते. आठवड्यातून एकदा मिरजेला जाऊन येणाऱ्यानं पेट्रोल गाडी घ्यावी. डिझेलचं दुरुस्तीचं काम महाग असतं आणि तो खर्च भरून निघतो तो गाडी पळाली तरच.

जुनीच का, त्यालाही कारण होतं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे, कडक निकष लागू झाले आणि मारुतीनं त्याच वेळी डिझेल गाड्या बंद केल्या. बाकी कंपन्यांच्या बीएस-६ डिझेलला धुराची काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात पळावी लागते. माझं काम म्हणजे एका बागेतून निघायचं, चार किलोमीटरवर दुसऱ्या बागेत थांबायचं. अशा वापरात तो फिल्टर तुंबतो. त्याआधीच्या बीएस-४ निकषांतल्या मारुतीच्या डिझायरला ही भानगड नाही. तिचं १२४८ सीसीचं इंजिन मुळात फियाटचं. तेच इंजिन स्विफ्ट, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसवलं गेलं. त्यामुळं पार्ट सांगलीत मिळतात आणि ते उघडलेला मिस्त्री दर दुसऱ्या गॅरेजमध्ये भेटतो. २०१२च्या डिझायर डिझेलला कागदावर लिटरला २३.४ किलोमीटरचं एव्हरेज होतं. मी एकोणीस-वीस धरून चालले. २०१२ ते २०१६ मधली डिझायर डिझेल, एवढं पक्कं केलं आणि हातातल्या पैशातले पन्नास हजार घेतल्यानंतरच्या कामासाठी बाजूला काढले. ही रक्कम बाजूला न काढता जुनी डिझेल घेऊ नये. सगळे पैसे गाडीत घातले की पहिलं मोठं काम निघाल्यावर गाडी दारात उभी राहते.

बरोबर घेतलं कुपवाडच्या एका मिस्त्रीमामांना. तीसेक वर्षं डिझेल इंजिनात गेलेला माणूस. त्यांची मजुरी आधीच ठरवली, गाडी घेतली तर इतकी आणि नाही घेतली तरी तितकीच. हे फार महत्त्वाचं वाटतं मला. सौदा झाला तरच पैसे मिळणार असतील, तर कितीही सरळ माणूस असला तरी त्याच्या तोंडातून ‘नको’ निघायला जड जातं.

सांगली-मिरज रस्त्यावर जुन्या गाड्यांची दुकानं भरपूर. आम्ही सुरुवात तिथूनच केली. फोन करून गेलो की गाडी धुतलेली, बोनेट पुसलेलं आणि इंजिन गरम. मामा पहिल्यांदा बोनेटवर तळहात ठेवायचे आणि गरम लागलं की मला नुसतं बघायचे. डिझेल इंजिनाचे बरेचसे आजार थंडीतच कळतात. कॉम्प्रेशन कमी झालेलं इंजिन एकदा तापलं की सरळ स्टार्ट होतं. रात्रभर उभं राहिल्यावर मात्र तेच इंजिन पाच-सहा वेळा सेल्फ मारायला लावतं आणि पांढरा धूर काढतं. सेल्स करणारा पोरगा म्हणायचा, “ताई, हाफ सेल्फमध्ये गाडी चालू होती बघा.” होणारच. अर्ध्या तासापूर्वी त्यानंच ती फिरवून आणलेली असते.

तिथल्याच एका ठिकाणी २०१४ची डिझायर दिसली. सांगली पासिंग, नव्वद हजारांच्या आसपास पळालेली आणि भाव बाजारापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी कमी. आत बसले तर अत्तराचा असा भपकारा की काच खाली करावी लागली. सीट कव्हर नवं, फ्लोअर मॅट नवे. मामांनी इंजिनाला हातच लावला नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार शेवटापर्यंत. रोज आपण बेल्टचा जेवढा भाग ओढतो तो स्वच्छ होता. त्याच्या पुढचा, जो कायम गुंडाळीत राहतो, तो मातकट पिवळा पडलेला, आणि दोन्हीच्या मध्ये एक रेघ. पुराच्या गाडीचे सीट कव्हर बदलतात, कार्पेट बदलतात, पण बेल्ट बदलायला कुणी जात नाही.

मग त्यांनी दाराच्या खालची पट्टी सोडवून कार्पेट उचललं. खालचा नमदा कोरडा होता, पण बोटानं घासल्यावर काळसर, बारीक गाळ निघाला. नदीकाठच्या माणसाला तो गाळ सांगावा लागत नाही, घरातल्या भिंतींवरून तो आम्ही खरवडून काढलेला असतो. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. डिकीत स्टेपनीखालच्या खोलगट भागात कडेनं गंजाचा पट्टा. हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची पातळी उमटलेली. डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सपाशी टॉर्च मारली तर कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट-निळसर बुरशीसारखा थर.

दुकानातला माणूस म्हणाला, “थोडं पाणी आलं होतं ताई, टायर भिजले होते फक्त.”

मामा शांतपणे म्हणाले, “टायर भिजल्यावर डॅशबोर्डच्या आतला स्क्रू गंजत न्हाई.”

पुराची गाडी स्वस्तात मिळते आणि वरवर चांगली चालतेही, म्हणून लोक मोहात पडतात. त्यांनी तिच्या आतलं समजून घ्यावं असं मला कळकळीनं वाटतं. एअरबॅग चालवणारा छोटा कॉम्प्युटर बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधल्या भागात, तळाला लागून बसवलेला असतो. म्हणजे आत गुडघाभर पाणी आलं की तो पहिल्यांदा बुडतो. वायरिंगमधला गंज एका दिवसात काही करत नाही. दोन वर्षांनी, चार वर्षांनी एकेक सेन्सर बंद पडायला लागतो, कधी पॉवर विंडो, कधी एबीएसचा दिवा, कधी भर पावसात गाडी मध्येच बंद. कोणताही मिस्त्री याचं मूळ एका फेरीत शोधून काढू शकत नाही, कारण गंज हार्नेसभर, म्हणजे वायरांच्या सगळ्या जुडग्यात पसरलेला असतो.

इंजिनाचं त्याहून वाईट. डिझेल इंजिनात हवा सोळा ते अठरा पटींनी दाबली जाते, त्या दाबानं तापते आणि डिझेल पेटतं. हवेऐवजी सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि कुणी घाईत सेल्फ मारला, तर पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालतं. आवाज जरा वेगळा येतो, एक सिलिंडर जरा कमी ताकद देतो आणि मग एखाद्या दिवशी हायवेवर रॉड तुटून ब्लॉक फुटतो. पूर ओसरल्यावर पंप लावून पाणी काढलं आणि लगेच चावी फिरवली, असं किती घरांत झालं असेल.

कागदांतूनही पूर सापडतो, हे मला तिथं समजलं. त्या गाडीची मालकी २०१९च्या दिवाळीनंतर लगेच बदललेली. विम्याच्या जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य. हा बोनस क्लेम न घेतलेल्या प्रत्येक वर्षाला २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. क्लेम घेतला की खाली येतो. मालकी बदलल्यावरही तो नव्याने सुरू होतो, म्हणून एकट्या या आकड्यावर निकाल देऊ नये. पण पुरानंतरची मालकीबदलाची तारीख, शून्य बोनस आणि सीट बेल्टची रेघ असं तिन्ही एकत्र आल्यावर आणखी काय बघायचं? आम्ही तिथून निघालो.

नंतर एक पुणे पासिंग गाडी बघितली. बॉडी सुंदर, पण मामांनी मागच्या सीटचा फोम दाबून बघितला तर पुढच्या सीटपेक्षा मागची जास्त बसलेली. घरच्या गाडीत उलटं असतं. आरसीच्या माहितीत शोधलं तर आधी टॅक्सी पासिंग, मग खासगीत बदललेली. टॅक्सीची गाडी वाईटच असते असं नाही, सर्व्हिस वेळेवर होत असते. पण मीटरवर ऐंशी हजार आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, हा हिशेब जुळेना. दिल्लीहून आलेल्याही एक-दोन गाड्या होत्या. तिकडं तेव्हा दहा वर्षांपुढच्या डिझेलला बंदी होती, त्यामुळं त्या स्वस्तात निघायच्या आणि इकडं यायच्या. इथं त्या चालतात, पण परराज्याची एनओसी (ना हरकत दाखला), इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं पूर्ण झालंय का ते बघण्यातच माझा हंगाम गेला असता. मी त्या वाटेला गेले नाही.

मग एका बागायतदारानं सांगितलं, कवठेमहांकाळकडं आमचे गुरुजी गाडी काढणार आहेत. पहिल्या हातातली, २०१३ची. नाव ऐकल्यावर आधी जागा डोळ्यांसमोर आणली. तो सगळा दुष्काळी पट्टा. तिकडं कृष्णेचं पाणी आलं ते म्हैसाळ योजनेच्या कालव्यातून. महापुराची भीती संपली, पण त्या भागात दुसरी गोष्ट असते, धूळ. ती इंजिनाला पाण्याइतकी पटकन मारत नाही, पण हवेच्या फिल्टरमधून गळून आत गेली तर टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची पाती आणि सिलिंडर दोन्ही झिजवते.

आदल्या रात्री गुरुजींना फोन केला. “गुरुजी, एक विनंती आहे. उद्या आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.”

“काही अडचण नाही बाळ. चावी माझ्या खिशातच ठेवतो.”

सकाळी लवकर पोचलो. मामांचा हात बोनेटवर गेला, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. दोन्ही गार. मामांनी मला बसवलं आणि म्हणाले, “पोरी, चावी नुसती फिरव, स्टार्ट करू नको. दिवे बघ.” चेक इंजिनचा दिवा, ऑइलचा, बॅटरीचा, ग्लो प्लगचा, एअरबॅगचा, सगळे लागले. हे लागलेच पाहिजेत. चेक इंजिनचा दिवा कायम जळत असेल तर विकणारे बल्बच काढून टाकतात किंवा पट्टी लावून झाकतात. त्यामुळं न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्याइतकाच संशयाचा.

मग स्टार्ट. एका सेल्फमध्ये गाडी उठली. सायलेन्सरमधून थोडा पांढरा धूर आला आणि काही क्षणांत गेला. मामा चेनच्या बाजूला कान लावून उभे होते. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळं ठरावीक किलोमीटरला बदलायचा खर्च नाही, पण ऑइल वेळेवर बदललं नाही की चेन ढिली पडते आणि थंड स्टार्टला खडखडते. दोन-चार सेकंद आवाज आला तर चालतं. तो घोळत राहिला तर चेन आणि टेन्शनर दोन्ही काढायचे. गुरुजींच्या गाडीत आवाज लगेच बसला.

मी डिपस्टिक काढली. ऑइल काळंकुट्ट. मी विचारलं तर मामा म्हणाले, “डिझेलचं ऑइल बदलल्यावर चार दिवसांत काळंच होतंय. काळं बघून गाडी सोडू नको. दुधाळ हाय का बघ, चमक हाय का बघ.” दुधाळ म्हणजे कूलंट ऑइलमध्ये जातंय, चमक म्हणजे आतलं धातू झिजतंय. दोन्ही नव्हतं. मग इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण उघडून तोंडावर उलटं ठेवलं. आमच्याकडचे मिस्त्री याला ‘बॅक मारते का’ बघणं म्हणतात. रिंगा झिजल्या असतील तर सिलिंडरमधला दाब खाली उतरतो आणि झाकण नाचून खाली पडतं. इथं हलका वारा येत होता, झाकण जागेवर थरथरत राहिलं. सव्वा लाखाच्या पुढं गेलेल्या इंजिनाला एवढं चालतं, असं मामांचं मत पडलं.

धुळीची तपासणी त्यांनी ज्या पद्धतीनं केली ती मी आता कुणालाही सांगते. एअर फिल्टर बघून समाधान मानायचं नाही, तो काल नवीन घातलेला असू शकतो. फिल्टरच्या पुढचा, टर्बोकडं जाणारा पाइप काढायचा आणि आतून बोट फिरवायचं. बोटाला ऑइलचा पातळ थर लागला तर हरकत नाही. माती लागली तर फिल्टर केव्हातरी गळत होता आणि धूळ आत गेली. मामांचं बोट तेलकट निघालं, मातकट नाही. टर्बोच्या पात्याला धरून हलवलं, फिरताना सहज फिरत होतं, मागंपुढं जवळजवळ नाहीच. गुरुजी म्हणाले, “फिल्टर मी स्वतः दर दोन महिन्यांनी बघतो. आमच्याकडं वैशाखात वारं सुटलं की घरातली भांडीसुद्धा खरखरतात.”

सगळ्यात जास्त वेळ गेला नोझलवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर. या इंजिनात चार नोझल आहेत आणि प्रत्येकातून थोडं डिझेल टाकीकडं परत जातं. नोझल झिजलं की परतीचं डिझेल वाढतं. मामांनी परतीच्या चारही नळ्या काढून चार लहान बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन आयडलवर ठेवलं. तीन बाटल्या जवळजवळ सारख्या भरल्या, चौथी बोटभर जास्त. आज त्रास देणार नाही, पण पुढं कधीतरी काम निघणार. नवं नोझल म्हणजे पाच आकडी खर्च. त्यामुळं ही बोटभर पातळी भाव ठरवताना आमच्या कामी आली. ही चाचणी दुकानात कुणी करू देत नाही. घरमालक करू देतो, आणि तो आनंदानं करू देतो का हेही बघण्यासारखं असतं. गुरुजी स्वतः टॉर्च धरून उभे राहिले.

बॉडी पटकन झाली. उजव्या फेंडरच्या बोल्टवरचा रंग तुटलेला दिसला. मी विचारायच्या आधीच गुरुजींनी सांगितलं, कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या ट्रॉलीनं घासलं होतं, फेंडर बदललाय. फेंडरच्या आतला पत्रा, एप्रन, सरळ होता, वेल्डिंगचे ठिपके कंपनीचेच. सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढला, कार्पेट उचललं. मुरमाची लाल धूळ निघाली, गाळ नाही. टायरवरचे चार आकडे वाचले. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शिल्लक होती, पण चारही टायर जुने, कडेनं भेगा पडलेले. ते बदलायचेच.

चालवून बघायला मिरजेच्या दिशेनं हायवेनं निघालो आणि भोशाजवळून दंडोबाच्या चढाला लावली. सपाट रस्त्यावर कुठलीही डिझेल पळते, चढाला तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून दाबली की टर्बो आणि क्लच दोन्ही बोलतात. दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बोनं नीट ओढलं. मामा मागं बसून काचेतून धूर बघत होते. काळ्या धुराचा एक झोत आला आणि थांबला. सतत काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि निळा दिसला असता तर आम्ही तिथूनच परत फिरलो असतो. क्लच मात्र थकलेला निघाला. आरपीएमचा काटा वर चढायचा आणि वेग त्या मानानं वाढायचा नाही. खाली आल्यावर हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकून क्लच सोडला. इंजिन लगेच बंद पडायला हवं, ते जरा रेंगाळून बंद पडलं. स्पीड ब्रेकरवर पुढच्या डाव्या बाजूला टकटक, ती लिंक रॉडची, किरकोळ.

गुरुजींच्या ओसरीवर चहा झाला. त्यांनी सव्वातीन लाख सांगितले. मामांनी वहीच्या पानावर क्लच, चार टायर, एक नोझल असं लिहून पान गुरुजींपुढं ठेवलं. घासाघीस अशी झालीच नाही. गुरुजींनी चश्मा लावून आकडे वाचले, एक-दोन दर विचारले आणि म्हणाले, “नोझल अजून चालतंय म्हणता, मग ते अर्धं धरा.” दोन लाख नव्वद हजारांवर ठरलं. विसार दिला तो कागदावर लिहून, त्यात एक अट घातली की कागद क्लिअर झाले नाहीत तर विसार परत. नातं, ओळख, गावचा माणूस काहीही असो, ही ओळ लिहून घ्यावी. लिहिल्यानं उलट दोन्हीकडची माणसं मोकळी होतात.

कागदात अडकलो ते बोजावर, म्हणजे आरसीवरच्या कर्जाच्या नोंदीवर. गुरुजींचं कर्ज कधीच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरतो अशी खूप जणांची समजूत आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आरटीओत जाईपर्यंत तो उतरत नाही, आणि बोजा असताना गाडी नावावर होत नाही. एनओसी साधारण तीन महिनेच चालते, म्हणून जुनी सापडली तरी नवी घ्यावी लागते. गुरुजींनी ती आणली. मग विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा, असा कायदा आहे. गाडी ताब्यात घेतली त्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही केली. नाव बदलेपर्यंत चलन आलं किंवा काही झालं, तर कुणाच्या हातात गाडी होती हे त्यावरून कळतं. ऑनलाइन बघितलं तर पुण्यातलं एक वेगाचं चलन होतं, ते गुरुजींनी तिथंच मोबाईलवरून भरलं.

विमा बघताना मी पुन्हा त्याच प्रश्नावर आले. गुरुजींकडं जुन्या पॉलिस्या वर्षवार फाईलला लावलेल्या होत्या. २०१९च्या आधीची आणि २०२०ची, दोन्हींवर नो क्लेम बोनस ५० टक्के. त्या पुरात या गाडीचा क्लेम झालेला नाही, आणि कार्पेटखालची लाल धूळही तेच सांगत होती. तो बोनस मात्र गुरुजींचा, गाडीचा नाही. पॉलिसी १४ दिवसांत माझ्या नावावर करायला दिली, तेव्हा मला फरकाची रक्कम भरावी लागली. तो खर्च अनेकांच्या हिशेबात नसतो.

२०१३ची गाडी म्हणजे आरसीची पंधरा वर्षं २०२८ला संपणार. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२२ पासून त्याची फी गाडीला ६०० वरून ५,००० झालीय, शिवाय आपल्या राज्यात ग्रीन टॅक्स. गुरुजींनी जुन्या नंबरप्लेट काढून एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आधीच लावून घेतल्या होत्या. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना त्या लागतातच.

घरी आणल्यावर काहीच वाट न बघता ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदललं, डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडलं, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह साफ केला, लिंक रॉड घातला. टायर त्याच आठवड्यात. आधीच्या मालकानं कितीही सांगितलं असलं तरी ही कामं नव्यानं करून घ्यावीत, म्हणजे पुढचा हिशेब आपल्या हातून सुरू होतो. गाडीत एक वही ठेवलीय, प्रत्येक टाकीला लिटर आणि किलोमीटर लिहिते. बागांच्या कच्च्या रस्त्यांसकट अठराच्या वर एव्हरेज पडतंय, आणि ते अचानक उतरलं तर सगळ्यात आधी चौथ्या नोझलकडं बघायचं असं मामांनी सांगून ठेवलंय.

आरसी माझ्या नावावर होऊन पोस्टानं आली. क्लच ऑक्टोबर छाटणी सुरू व्हायच्या आत करायचाय, त्याचे पैसे किमतीतून आधीच कापलेले आहेत.